नववं जोडपान

३ मार्च, सोमवार

बांधणीवाल्याने उरलेल्या कागदाची ही वही शिवून दिली आणि म्हणाला, मॅडम, यात चित्रं काढा. म्हटलं, बाबा रे, चित्रं काढूनच जीव मेटाकुटीला आलाय, यात मी कटकट लिहीन. तर ही कटकट.

फुगीचं दहावं पुस्तक एकतीस तारखेला द्यायचंय. फुगी म्हणजे चार वर्षांची गालफुगी पोर, दोन वेण्या, एक लांब आणि एक आखूड. मूळची ती माझी लेक. खरी लेक आता चौतिशीची झाली, मी साठीला टेकले, आणि फुगी अजून चारचीच आहे. तिघींत मजा कुणाची आहे ते सांगायला नको.

या खेपेला संपादिकाबाईंना फुगीला धाकटा भाऊ हवाय. म्हणे धाकट्या भावंडांची पुस्तकं घरोघर लागतात. मला एकच मूल. दुसरं आल्यावर घरात काय होतं, हे मला कुठून ठाऊक असणार? तरी हो म्हणून बसले. गेली सव्वीस वर्षं हो म्हणूनच बसतेय.

बत्तीस पानं. पुढचीमागची वजा केली तर चौदा जोडपानं. जोडपान म्हणजे पुस्तक उघडलं की समोरासमोर येणाऱ्या दोन पानांवरचं एक चित्र. पाच झालीत. अंगठा सकाळपासून ठणकतोय.

दुपारी लेकीचा फोन. तीन-साडेतीन आठवडे येतेय, एकटीच, रजा टाकलीय. तोंडातून निघून गेलं, आत्ता? माझं पुस्तक आहे. ती म्हणाली, मी मध्येमध्ये करणार नाही. मग म्हटलं, ये बाई.

६ मार्च, गुरुवार

लेक आली. सात महिन्यांनी प्रत्यक्ष बघितलं. रविवारी फोनवर दिसतो तो नुसता चेहरा. अंगाने बरीच सुटलीय. दारातच म्हटलं, काय गं, नवऱ्याच्या हातचं चांगलंच मानवलेलं दिसतंय! एरवी अशा बोलण्यावर तिने गाल फुगवले असते. आज काही नाही. दमलेय म्हणाली, आपल्या जुन्या खोलीत गेली आणि झोपली, ती चारला उठली.

चहा घेताना विचारून बघितलं. ऑफिसात काही बिनसलंय का? नाही. नवऱ्याशी भांडलीस? नाही. अळीमिळी गुपचिळी. लहानपणी हिच्या तोंडाची टकळी दिवसभर चालायची, आणि मी मागेमागे चिठ्ठ्या घेऊन. माझी कामाची पद्धतच ती. घरात कुणी मजेशीर काही बोललं की लगेच चिठ्ठीवर लिहायचं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. फुगीची निम्मी वाक्यं त्या डब्यातली आहेत. ‘चंद्र आपल्या मागेमागे येतो, त्याला स्वतःचं घर नाही का?’ हे लेकीचंच, वय वर्षं पाच. लोकांना वाटतं हे सगळं मला सुचतं.

डबा माझ्या टेबलावरच असतो. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, अजून आहे हा? म्हटलं, आहे की, भरत आलाय. तिसऱ्या पुस्तकात फुगी गादी ओली करते, त्याची आठवण काढून मी एकटीच हसले. ते आलं तेव्हा लेक अकराची होती, आणि वर्गातल्या पोरांनी तिला वर्षभर त्यावरून छळलं. आता काय त्याचं. सगळ्यांत जास्त तेच पुस्तक चाललं.

९ मार्च, रविवार

सूप करायला कोबी आणला होता, त्याची वरची सगळी पानं गायब. लेक म्हणाली, मी घेतली. खाल्लीस? हं. कच्ची? हं. दोन पानं तर फ्रीजमध्ये रुमालात गुंडाळून ठेवलेली सापडली. आजकाल लोक काहीही खातात आणि त्याला तब्येतीचं नाव देतात.

दिवसातून तीनदा अंघोळ चाललीय. नळ अर्धा-अर्धा तास चालू. पाणी जपून वापर म्हणून दारावर टकटक केली.

आठ जोडपानं पुरी. मानेचा पार लाकडाचा ओंडका झालाय.

११ मार्च, मंगळवार

आज नववं जोडपान घेतलं. सगळं पुस्तक याच्यावर उभं आहे. आई बाळाला घेऊन घरी येते, खुर्चीत बसते, आणि फुगी दाराआडून बघते. डाव्या पानावर फुगी, उजव्यावर आई आणि बाळ, मधोमध शिवण. शिवणीवर महत्त्वाचं काही येऊ द्यायचं नसतं, बांधणीत गिळलं जातं. पहिल्या पुस्तकात मी फुगीचं नाक असंच घालवलं होतं.

फुगी एका झटक्यात जमली. आईचे हात मात्र काही केल्या जमेनात. बाळ धरल्यासारखे वाटतच नव्हते, बाजारातून कलिंगड आणल्यासारखे वाटत होते. फोटो बघून काढलं तर ते ओळखू येतं. शेवटी लेकीला हाक मारली. म्हटलं, दहा मिनिटं बस गं खिडकीपाशी. मोठा टॉवेल घेतला, गुंडाळला, एका टोकाला गाठ मारून डोकं केलं आणि दिला तिच्या हातात. बाळ आहे असं समज, म्हटलं. ती टॉवेल घेऊन उभीच. म्हटलं, अगं बस ना, उजेड चाललाय. मग बसली.

आणि काय सांगू! काही शिकवावं लागलं नाही. डावा हात आपोआप मानेखाली गेला, उजवा पाठीखाली. मान खाली. मी म्हटलं, कोपर जरा वर घे, तर ऐकूच गेलं नाही तिला. एरवी पाच मिनिटांत ‘झालं का’ म्हणून भुणभुण लावणारी पोर, आज दहा मिनिटांचा दीड तास झाला तरी हलली नाही. मलाही भान राहिलं नाही. चार रेखाटनं झाली. चौथं असं उतरलं की माझं मलाच खरं वाटेना. सव्वीस वर्षांत असे हात माझ्या हातून निघाले नव्हते.

मी खुशीत म्हटलंसुद्धा, तुझे हात तर तयारच आहेत गं, आता खरं आण की एखादं. ती म्हणाली, झालं असेल तर जाते मी. टॉवेल तसाच हातात घेऊन गेली. नंतर केस पुसायला शोधला तर मिळेना.

१४ मार्च, शुक्रवार

नववं पान शाईत पक्कं केलं, रंगवलं आणि संपादिकाबाईंना पाठवलं. मोठ्या तोऱ्यात पाठवलं. तासाभरात फोन. आधी हातांचं कौतुक, रंगांचं कौतुक, मी समजले की पुढे ‘पण’ येतंय. आला.

‘ताई, ही आई बाळाला घरी घेऊन आलीय ना? मग ती त्याला परत देतेय असं का वाटतं?’

उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं! फोन ठेवून अर्धा तास चिडचिड केली. मग पान भिंतीला लावून लांबून बघितलं. हातांत खोट नाही. चेहऱ्यात काहीतरी आहे, बाई म्हणते ते अगदीच खोटं नाही. दुरुस्त करू. तोंडाची रेष केसभर वर नेली की झालं.

१७ मार्च, सोमवार

झालं कसलं डोंबल. नववं पान पाचव्यांदा काढलं. तोंडाची रेष वर नेली तर बाईची दाढ दुखतेय असं वाटतं. डोळे मोठे केले तर घाबरलेली. हसवली तर जाहिरातीतली. कागद बदलून बघितला, ब्रश बदलला, टेबल खिडकीजवळ सरकवलं. नाचता येईना अंगण वाकडं, मला कळतं. पण फुगीची आई मी नऊ पुस्तकं काढलीय, झोपेत काढीन. आताच काय झालं तिला?

झालेली पानं ओळीने जमिनीवर मांडली होती. लेक दारात उभी राहून बघत होती. मग आत आली आणि उकिडवी बसून एकेक पान बघत गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. नवव्यापाशी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ‘भाऊ आलाच नाही, तर फुगीला काय सांगायचं, हे ठरवलंय का तुझ्या पुस्तकातल्या लोकांनी?’

अहाहा. मी तिथल्या तिथे चिठ्ठी ओढली. ती म्हणाली, आई, लिहू नकोस. म्हटलं, अगं, फार सुंदर वाक्य आहे, नंतर विसरायला होतं. लिहिलं आणि डब्यात टाकलं. तिने उठून डबा उघडला, चिठ्ठी काढली, घडी करून खिशात घातली आणि गेली. मग न्हाणीघराचा नळ.

मलाही राग आला. एवढं काय आकाश कोसळलं? या डब्यावर हिचं शिक्षण झालं. एक वाक्य दिलं असतं तर काय बिघडत होतं?

१९ मार्च, बुधवार

सातव्यांदा काढलं. फाडलं. अंगठ्याला पट्टी बांधून झोपले, दुपारी.

२२ मार्च, शनिवार

लिहावं की नाही असं सकाळपासून चाललंय.

लेक औषधाच्या दुकानात गेली होती. घरचा फोन वाजला. जावई. ती माझा फोन उचलत नाही म्हणून इकडे केला, म्हणाले. ती जेवते का, झोपते का, विचारलं. मी आपलं नेहमीचं, दिवसभर लोळते, तुम्ही लाडावून ठेवलीय वगैरे. ते म्हणाले, ‘आई, सोमवारी तिकडच्या डॉक्टरांकडे तपासणी आहे. ती एकटी जाते म्हणते. तुम्ही जाल का सोबत?’

म्हटलं, कसली तपासणी?

त्यांनीच उलट विचारलं, तिने तुम्हाला काहीच सांगितलं नाही? मी नाही म्हणाले.

सहावा महिना होता. चोवीस फेब्रुवारीला गेलं. मुलगी होती. आधीही एकदा, दोन वर्षांपूर्वी, अगदी सुरुवातीला असंच झालं होतं, तेही मला ठाऊक नव्हतं. या वेळी सातवा लागला की स्वतः येऊन सांगणार होती. जावई फार सांभाळून बोलत होते. मी विचारलं, मला का नाही सांगितलं रे? पहिल्यांदाच त्यांना अरे म्हणाले. त्यांनी आढेवेढे घेतले, मग म्हणाले, ‘ती म्हणायची, आईला सांगितलं की ते पुस्तकात जातं. थोडे दिवस आपलं आपल्यापाशी राहू दे.’

लेक औषधं घेऊन आली तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. काय झालं गं, म्हणाली. म्हटलं, अंगठा. बरं म्हणून ती खोलीत गेली.

२३ मार्च, रविवार

कोबीची पानं. दूध येत होतं तिला. ते थांबायला आणि ठणका कमी व्हायला छातीवर गार पानं ठेवतात. ही युक्ती मला नवीन नाही, वरच्या मजल्यावरच्या बाईला मीच कधीतरी सांगितली होती. आणि घरात पानं गेली तेव्हा मी सूप कमी पडेल म्हणून कुरकुरत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मुलांना समजावून सांगत मी आयुष्यभर शाळाशाळांतून फिरलेय.

नवऱ्याच्या हातचं मानवलं म्हणाले. पाणी जपून वापर म्हणाले. खरं आण की एखादं म्हणाले. हे तिसरं आठवलं की बसल्या जागी अंगातून कळ जाते.

चौथं रेखाटन काढून टेबलावर ठेवलं. चेहरा लेकीचा आहे. अकरा तारखेपासून तो माझ्यासमोर होता. समोर दिसलं ते हाताने काढलं, आणि मी मात्र त्याला फुगीच्या आईचा चेहरा समजून सात वेळा दुरुस्त करायला बसले. संपादिकाबाई कधी हिला भेटलेल्या नाहीत, त्यांना फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कळलं.

मला माझी लाज वाटते. दुसरा काही शब्द नाही.

२४ मार्च, सोमवार

सकाळी लेक चप्पल घालत होती, मीही घातली. ती बघत राहिली. म्हटलं, जावयांचा फोन आला होता. तिने मान हलवली. तपासणी ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर भरून येतंय.

घरी आल्यावर ती माझ्या कामाच्या खोलीत आली. टेबलावर डबा नव्हता. मी सकाळीच कपाटावर चढवला होता, पार मागे. तिचं लक्ष गेलं. मी म्हटलं, त्या दिवशी तुला टॉवेल धरून बसवलं, मला माफ कर. मला वाटलं आता ती बोलेल मला. बोलायलाच हवं होतं, माझी तयारी होती.

ती म्हणाली, ‘दवाखान्यात विचारलं होतं त्यांनी. बघायचंय का, घ्यायचंय का. मी नको म्हणाले. भीती वाटली. मग ते घेऊन गेले.’

‘तू दिलास तेव्हा मला आधी तुझा राग आला. मग बसले. तो दीड तास मी तिला घेतलं, आई. तू घाई केली नाहीस.’

मला रडू आवरेना. कठीण आहे सगळं, तिने रडायचं तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. टॉवेल तिच्या उशाशी आहे म्हणाली. गाठ अजून सोडलेली नाही.

२७ मार्च, गुरुवार

नववं जोडपान आठव्यांदा. आई पाठमोरी बसवली. खुर्चीची पाठ, तिचा एक कोपर, दुपट्याचं टोक, बस. बाळ दिसतच नाही. दिसतो तो दाराआडून बघणाऱ्या फुगीचा चेहरा. दोन तासांत झालं. संपादिकाबाई खूश, म्हणाल्या, आता सापडलं बघा तुम्हाला. म्हटलं, हो.

लेकीला चौथं रेखाटन दाखवलं. बराच वेळ हातात धरून होती. मग म्हणाली, हे पुस्तकात नको, हे माझं आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट बांधून दिलं. ती खिशात घातलेली चिठ्ठी मी मागितली नाही.

पाच जोडपानं राहिलीत. एकतीसला होत नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना कळवलं, होत नाहीत. त्या म्हणाल्या, चालेल. इतकं सोपं होतं तर.

२९ मार्च, शनिवार

उद्या लेक जाते. जावई न्यायला येतायत.

दुपारी मी दहाव्या पानात डोकं घालून बसले होते. ती टॉवेल घेऊन आली आणि म्हणाली, आई, वेळ आहे? खिडकीपाशी त्याच खुर्चीत बसली. माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. पेन्सिल खणात टाकली आणि स्टूल ओढून समोर बसले. नुसतं बसायची मला सवय नाही, हातांचं काय करायचं तेच कळेना. बघत राहिले तिच्याकडे. गालांवरची सूज उतरलीय. कानापाशी दोन केस पांढरे झालेत, ते मला आज दिसले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, जरा धर, पायाला मुंग्या आल्यात. टॉवेल माझ्याकडे दिला. माझा डावा हात मानेखाली गेला. ती खोलीत चार पावलं चालली, परत आली, आणि मी तसाच धरलेला बघून खाली माझ्या गुडघ्यापाशी बसली.

मग तिने नाव सांगितलं. दोघांनी आधीच ठरवलं होतं. मी एकदा म्हणून बघितलं, तिने पुन्हा एकदा म्हणायला लावलं. गोड नाव आहे.

इथे लिहीत नाही.